आर्लिसने हात वर केला

पूर येऊन गेला त्या हिवाळ्यात माझ्या भावाने घरातली आतली सगळी दारं बिजागऱ्यांसकट काढली आणि मागच्या कोठारात भिंतीला टेकवून ठेवली. स्वयंपाकघराचं, कोठीचं, निजायच्या खोलीचं, एवढंच काय न्हाणीघराचंसुद्धा. न्हाणीघराला माझ्या वहिनीने, ग्लेन्डाने, जुना पडदा लावला. ती माझ्या दुकानात केस कापायला आली तेव्हा आरशात माझ्याकडे बघत म्हणाली, "नेडीन, चर्चच्या बायका जेवायला यायच्या आहेत. त्यांना काय सांगू? उंदीर झाले म्हणू?"

मी म्हटलं, रंग द्यायला काढली आहेत म्हण. सगळा हिवाळा ती तेच सांगत राहिली.

आर्लिस माझा धाकटा भाऊ. गावच्या अग्निशमन दलाचा कॅप्टन. ते काम बिनपगारी, बाकी वेळ तो गवत कापून विकायचा आणि लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. शिवाय दोनदा नगरसेवक म्हणून निवडून आलेला. आमच्या गावात नगरसेवक म्हणजे रस्त्यावरचे खड्डे आणि मोकाट कुत्री यांवर महिन्यातून एकदा बोलायचं. गावात त्याला कुणी शत्रू नव्हता. आम्ही टेकडीवरची माणसं, इथेच जन्मलो, इथेच पुरले जाणार.

नदीकाठी, पुलाच्या खालच्या अंगाला, चाकांवर आणून ठेवलेली पत्र्याची घरं होती. आम्ही त्यांना ट्रेलर म्हणतो. तिथे कोंबड्यांच्या कारखान्यात काम करणारी माणसं राहायची. बहुतेक ग्वाटेमालाच्या डोंगरांतली. बुटकी, शांत, रविवारी पोरांना इस्त्रीचे कपडे घालून दुकानात आणणारी. कोणाकडे या देशात राहायचे कागद होते, कोणाकडे नव्हते. आम्ही विचारत नव्हतो आणि ते सांगत नव्हते. तेवढ्यावर बरीच वर्षं नीट चाललं होतं.

सप्टेंबरात समुद्राकडून आलेलं वादळ डोंगरावर अडकलं आणि एका सकाळी नदी पुलाला टेकली. कारखान्याची पहिली पाळी सुरू होती, पुरुष कामावर होते. शाळेत आसरा उघडला होता. पण आदल्या आठवड्यापासून एक वावडी फिरत होती की शाळेच्या दारात पोलीस कागद तपासणार. कुणी उठवली ते शेवटपर्यंत कळलं नाही. खरी होती की खोटी तेही नाही. त्या वर्षी तशा बातम्या रोजच येत होत्या, त्यामुळे खरं-खोटं करायला कुणाला सवड नव्हती.

आर्लिस होडी घेऊन ट्रेलरमधून ट्रेलरकडे गेला. होडीत त्याच्याबरोबर शेरिफचा, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाचा, एक शिपाई होता, गणवेशात. वाईट माणूस नव्हता, मदतीलाच आला होता. बरीच माणसं छपरावर चढलेली, ओरडत होती, त्यांना घेतलं. नदीकडच्या टोकाला एक निळा ट्रेलर होता. पाणी तेव्हा दाराच्या वरच्या पायरीला लागलं होतं. आर्लिसने दार वाजवलं, हाका मारल्या, पुन्हा वाजवलं. उत्तर नाही. पण आत कुणीतरी आहे असं त्याला वाटलं. कुणी श्वास रोखून उभं असलं की दाराला जो एक जडपणा येतो, तो. मग आतून एक लहान मूल खोकलं आणि लगेच कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवल्यासारखा तो खोकला अर्ध्यातच थांबला.

तो दार फोडायला कुऱ्हाड काढणार एवढ्यात पलीकडच्या छपरावरून एक म्हातारा पाण्यात पडला. होडी तिकडे वळवावी लागली. म्हाताऱ्याला वाचवलं. परत वळेपर्यंत वरच्या बंधाऱ्याचा एक भाग गेला आणि निळा ट्रेलर जागेवर नव्हता.

आत मिकाएला नावाची बाई होती आणि तिची लेक, ईवा. पोरगी पहिलीत होती. दोन दिवसांनी दोघी सापडल्या, खूप खाली.

त्यानंतर आर्लिसला बंद दारं सोसेनात. रडणं, किंकाळ्या, असलं काही त्याला ऐकू येत नव्हतं. तसं असतं तर डॉक्टरकडे तरी नेता आलं असतं. त्याला ऐकू यायची ती दारामागची चुप्पी. कोठीचं दार बंद असलं की त्याला वाटायचं, आत कुणीतरी श्वास रोखून उभं आहे, माझी पावलं लांब जायची वाट बघतंय. तो दार उघडायचा. आत बटाटे आणि लोणच्याच्या बरण्या. बंद करून पाठ वळवली की पुन्हा तेच. चर्चमध्ये झाडू ठेवायच्या कपाटासमोर तो प्रार्थना सोडून उभा राहिलेला मी स्वतः पाहिलाय. बाकीचे लोक डोळे मिटून होते म्हणून बरं.

जानेवारीत त्याने नगर परिषदेपुढे एक ठराव मांडायचं ठरवलं. मोठा काही नव्हता. पूर, आग, वादळ असेल तेव्हा गावचं अग्निशमन दल आणि गावचे पोलीस कुणालाही कागद विचारणार नाहीत, आणि आसऱ्याला कोण आलं होतं हे पुढे कुणाला कळवणार नाहीत. एवढंच.

पण त्याआधीच्या वर्षी राज्याच्या राजधानीत एक कायदा झाला होता. गावाने किंवा जिल्ह्याने अशा लोकांना आसरा देणारं धोरण करायचं नाही, ही बंदी तर जुनीच. नवं असं होतं की, जो लोकप्रतिनिधी अशा धोरणाच्या बाजूने मत देईल त्याने स्वतः गंभीर गुन्हा केला असं धरायचं. ठराव पास होवो न होवो. पद जाईल आणि तुरुंगसुद्धा होऊ शकेल. कायदा झाला तेव्हा माझ्या दुकानात टीव्हीवर बातमी लागली होती आणि आम्ही कुणीच मान वर करून पाहिलं नव्हतं. आमच्या खड्ड्यांशी त्याचा काय संबंध?

गावचे वकील टिप्टन यांनी आर्लिसला बोलावून समजावलं. टिप्टन म्हणजे आमच्या वडिलांच्या बरोबरीचे, आर्लिसला लहानपणापासून ओळखणारे. ते म्हणाले, शिक्षा झाली तर मत द्यायचा हक्क जाईल, शिकारीची बंदूक जाईल, आणि गुन्हेगाराला अग्निशमन दलात ठेवता येत नाही. "म्हणजे ज्या होडीसाठी तू हे करतोयस, त्या होडीतच तुला पाय ठेवता येणार नाही. जरा डोकं चालव."

आर्लिस म्हणाला, विचार करतो. तो विचार करायला लागला की आमच्या घरात सगळ्यांना धास्ती असते, कारण तोवर त्याचं ठरलेलं असतं.

मग एका रविवारी दुपारी बाल्तासार आला. मिकाएलाचा नवरा. मी तेव्हा तिथेच होते, ग्लेन्डाबरोबर वाटाणे सोलत. तो पायऱ्यांवर उभा राहिला, टोपी हातात, आत ये म्हटलं तरी येईना. कारखान्यात कोंबड्या कापून कापून त्याची बोटं वळून गेली होती, टोपीसुद्धा नीट धरता येत नव्हती. तो मोजके शब्द जोडून बोलायचा.

"तुम्ही ते थांबवा," तो आर्लिसला म्हणाला. "आमच्यासाठी काही करू नका. बोलणं होतं, मग टीव्ही येतो. टीव्ही आला की ते येतात, धरून नेणारे."

आर्लिस म्हणाला, "तुझ्यासाठी नाही करत."

"मग कुणासाठी?"

बाल्तासार अंगणाकडे वळला. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "त्या सकाळी मी तिला फोन केला. कारखान्यातून. दार कुणी वाजवलं तर उघडू नको, म्हणालो. पाणी इतकं येईल हे मला माहीत नव्हतं." त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "ती माझं कधी ऐकायची नाही. त्या दिवशी ऐकलं."

ग्लेन्डा उठून आत गेली. माझ्याच्याने उठवेना.

"तुम्ही वाजवलं होतं," बाल्तासार म्हणाला. "शेजारी सांगतात. आतून काही आवाज आला?"

माझ्या मनात आलं, आर्लिस, खोटं बोल. एकदा तरी खोटं बोल. पण तो म्हणाला, "पोर खोकली."

बाल्तासारने मान हलवली. दोन-तीनदा हलवली. "म्हणजे तेव्हा होत्या," तो म्हणाला. "बरं." त्याने टोपी घातली आणि रस्त्याने चालत गेला. गाडीने सोडतो म्हटलं तर मागे वळूनही बघितलं नाही.

मला वाटलं, आता तरी आर्लिस ठराव मागे घेईल. ज्याच्यासाठी करायचं तोच नको म्हणतोय. मी तसं बोललेही. तो म्हणाला, "नेडीन, पुन्हा पाणी येईल. पुन्हा कुणीतरी बायकोला फोन करेल. त्याला काय सांगायला हवं, एवढंच मला बघायचंय."

परिषदेची सभा शाळेच्या जेवणघरात झाली, कारण नेहमीच्या खोलीत माणसं मावेनात. दोन टीव्हीवाले आले होते. टिप्टननी उभं राहून कायदा वाचला, सावकाश, आर्लिसकडे न बघता. मेयरने विचारलं, ठरावाला अनुमोदन कोण देतंय? सगळे नगरसेवक आपापल्या हातांकडे बघत बसले. अनुमोदन नाही तर मतदान नाही, आणि मतदान नाही तर गुन्हाही नाही. मेयरच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली. तो विषय बंद करायची हातोडी उचलणार तोच टोकाला बसलेल्या नगरसेविका ओपल स्टिन्नेट बोलल्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना तिसरीत शिकवलंय.

"मी देते अनुमोदन," त्या म्हणाल्या. "बाजूने मत देणार नाही, आधीच सांगते. माझं तुरुंगात जायचं वय राहिलं नाही, आणि घरी मांजर आहे. पण पोराला बोलू तर द्या."

मेयरने टिप्टनकडे बघितलं. नुसतं अनुमोदन हा गुन्हा होतो का, हे टिप्टनना सांगता येईना. कुणीतरी मागून हसलं. मग आर्लिस उठला.

त्याला भाषण येत नाही. तो म्हणाला, मी दार वाजवलं आणि आतल्या बाईला मी पाण्यापेक्षा जास्त घातक वाटलो. ती वेडी नव्हती. मी तिच्या जागी असतो तर मीही उघडलं नसतं. एवढंच बोलून तो खाली बसला.

मेयरने बाजूची मतं विचारली. आर्लिसने हात वर केला. एकट्याने. जेवणघरातली ती पिवळी बत्ती, भिंतीवर पोरांनी रंगवलेली सफरचंदं, आणि त्यात माझ्या भावाचा एकच हात वर. मेयरने जरूर नसताना बराच वेळ लावला, बहुधा त्याने हात खाली घ्यावा म्हणून. त्याने घेतला नाही. बाकीच्यांनी विरोधात मत दिलं, ओपलबाईंनीसुद्धा. ठराव पडला. काहीही बदललं नाही आणि गुन्हा झाला.

त्याने मला नंतर सांगितलं की, हात वर होता तेवढा वेळ ती चुप्पी गेली होती. कितीतरी महिन्यांनी त्याला साधे आवाज ऐकू आले, फ्रिजची घरघर, कुणाची तरी खुर्ची. हात खाली घेतला आणि ती परत आली.

खटला लवकर उरकला. सरकारी वकील म्हणाला, चुकून हात वर गेला, कायदा नीट समजला नव्हता, असं लिहून द्या आणि राजीनामा द्या, आम्ही पुढे जाणार नाही. आर्लिसने राजीनामा द्यायची तयारी दाखवली, पण चुकून हात वर गेला असं लिहायला तो तयार नव्हता. मग त्याने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशाने तुरुंगाची शिक्षा स्थगित ठेवली, बाकी सगळं गेलं. नगरसेवकपद, मत, बंदुका. बंदुका मी माझ्या घरी आणून ठेवल्या. दलाचं शिरस्त्राण आणि वायरलेस तो स्वतः धुऊनपुसून देऊन आला.

गावाने त्याला वाळीत वगैरे टाकलं नाही. चाऱ्याच्या दुकानात कुणीतरी म्हणायचं, "काय नगरसेवक, पुढची निवडणूक ग्वाटेमालातून का?" आणि तो म्हणायचा, "तिथे खड्डे जास्त आहेत म्हणतात." कुणीतरी एकदा त्याच्या ओसरीवर डुकराच्या मांडीचं अख्खं हॅम ठेवून गेलं, नाव न सांगता. आणि कुणीतरी त्याच्या रस्त्याकडेच्या टपालपेटीवर गाडी घातली, तेही नाव न सांगता.

पण बाल्तासार म्हणाला होता तसंच झालं. टीव्हीवाल्यांनी नदीकाठचे ट्रेलर दाखवले, चिखलात खेळणारी पोरं दाखवली. आता धरायला येतील या भीतीने आठवड्याभरात अर्धी वस्ती उठली. शाळेतले बाक रिकामे झाले. बाल्तासारही गेला. कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. आर्लिस रोज संध्याकाळी गाडी घेऊन पुलापर्यंत जायचा आणि नुसता बसून यायचा. मी एकदा म्हटलं, तू उठवलं नाहीस त्यांना. तो म्हणाला, "मी नाही, पण माझा हात होता त्यात," आणि स्वतःच हसला. मला ते हसू आवडलं नाही.

मार्चच्या शेवटी पुन्हा पाऊस लागला. नदी वाढू लागली. दुपारी दलाचा नवा कॅप्टन, रँडल, आर्लिसच्या अंगणात बंब घेऊन आला. मी आणि ग्लेन्डा आतून बघत होतो. रँडलच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो म्हणाला, ट्रेलरपाशी जाऊन आलो, प्रत्येक दार वाजवलं, कुणी उघडत नाही. "रिकामे आहेत की आत आहेत, कळतच नाही. तुला कळेल."

आर्लिस बंबात चढला. कायद्याने त्याला चढता येत नव्हतं. मी माझ्या गाडीने मागे गेले.

या वेळी त्याने वाट पाहिली नाही. दार वाजवलं, हाक मारली आणि फोडलं. एकामागून एक. मी रस्त्यावर छत्री घेऊन उभी. प्रत्येक दारातून तो बाहेर आला की मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि तो मान हलवायचा. कुणी नाही. टेकडीकडच्या शेवटच्या ट्रेलरमधून तो लवकर बाहेर आला नाही, म्हणून मी आत गेले. तो चुलीपाशी उभा होता. पातेल्यात काळा घेवडा होता. त्याने माझा हात धरून पातेल्याला लावला. गरम होतं. मागचं दार उघडं, आणि तिथून चिखलात लहानमोठी पावलं टेकडीवरच्या झाडीत गेलेली.

आम्ही मागच्या पायरीवर आलो. वर नुसती ओली झाडं आणि धुकं. एक फांदीही हलत नव्हती. पण कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे मला मानेवर कळत होतं. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की, माझा भाऊ इतके महिने कशाबरोबर राहत होता.

रँडल म्हणाला, हाका मारू का? शेरिफची माणसंही येतायत मदतीला.

"हाका मारू नकोस," आर्लिस म्हणाला. "त्यांना सांग, इथे कुणी नाही. पलीकडच्या काठाला न्या त्यांना, तिकडे खरंच गरज आहे."

रँडल टेकडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इथे कुणी नाहीच. मी स्वतः पाहिलंय." आणि वायरलेसवर तेच सांगत निघून गेला.

टेकडीच्या अंगालाच, पाण्यापासून उंचावर, आमचं चर्च आहे. आर्लिस धर्मगुरूंकडे, ब्रदर डेनकडे गेला आणि म्हणाला की चर्चचं दार उघडं ठेवा, आतली शेगडी पेटवा आणि तुम्ही घरी जा. ब्रदर डेन भला माणूस, पण घाबरट. हे कायद्यात बसतं का, असं त्यांनी विचारलं.

"तुम्ही कुणाला आसरा दिला नाही," आर्लिस म्हणाला. "तुम्ही कुलूप लावायला विसरलात."

ब्रदर डेननी हातातल्या किल्लीकडे बघितलं. "हल्ली विसरतोच मी फार," ते म्हणाले.

मी आणि ग्लेन्डाने मोठ्या पातेल्यात चिकन आणि नूडल केलं, मक्याचा ब्रेड केला, चर्चच्या कोठीतले सगळे कप काढून टेबलावर ठेवले. घराघरांतून गोधड्या मागून आणल्या. का हव्यात ते एकाही बाईने विचारलं नाही. दिवे लावले नाहीत. मग अंधार पडायच्या आत आम्ही सगळे तिथून निघालो आणि गाड्या मुद्दाम मोठ्याने सुरू केल्या, गेलो हे वर कळावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला. नदी ट्रेलरच्या खिडक्यांना लागून परतली होती. दुपारी मी आणि आर्लिस चर्चमध्ये गेलो. दार लोटलेलं होतं. आर्लिसने ते ढकललं आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

आत कुणी नव्हतं. शेगडी विझवून राख काढलेली. गोधड्यांच्या घड्या, कडेला कड लावून, बाकावर रचलेल्या. पातेलं घासून उलटं घातलेलं. जमीन पुसलेली, दारापर्यंत, म्हणजे जाणाऱ्याने पाठमोरं चालत स्वतःच्या पावलांवरून फडकं फिरवलेलं. हवेत ओल्या कपड्यांचा आणि त्या चुलीवरच्या घेवड्याचा वास होता, तोही विरत चाललेला.

"किती जण असतील?" आर्लिसने हळूच विचारलं.

मी कपांकडे बघितलं. सगळे धुऊन, पुसून कोठीत होते तसे परत लावून ठेवले होते. सांगायला काही मार्गच नव्हता.